चाकं खाली ठेवून या

लोहारा, मैदानावरून
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळ

अक्का,

दंडवत लिहिला की तू म्हणतेस, माझ्या पायांना काही कळत नाही, मग दंडवत घेतंय कोण? म्हणून या खेपेला तुझ्या खुर्चीच्या दोन्ही चाकांना दंडवत. आईला सांग मी बरा आहे. तिचा गुडघा काय म्हणतो? काळी शेळी व्याली का, आणि व्याली असंल तर एक का दोन? इथं थंडी सरली, दुपारचं ऊन आत्तापासूनच चावतंय. खाण्यापिण्याचं ठीक आहे. खोबरं तर लई होतं खायला. ते कसं, ते पुढं सांगतो.

पत्राला उशीर झाला. झाला म्हणजे मीच केला. संक्रांतीला लिहायचं ठरवलं होतं. कागद आणला, तो खिशात राहून घामानं मऊ पडला. दुसरा आणला, त्यात हणमंतप्पा गवंड्यानं भजी बांधून नेली. तिसऱ्या खेपेला खरंच बसणार होतो, तर येडशीला जाणारा टेम्पो समोर उभा राहिला आणि मी त्यात चढलो. काम काही नव्हतं. स्टेशनावर बसलो. एक मालगाडी गेली, ती संपतच नव्हती. मग रामलिंगाला गेलो, तिथं माकडानं माझ्या हातातलं केळं नेलं आणि झाडावर बसून माझ्याकडं असं बघत खाल्लं, जसं काही मीच त्याचं चोरलं होतं. दोन दिवस तिकडंच गेले. परत आलो तर कागद जिथल्या तिथं.

फोन का केला नाही, असं विचारशील. तूच म्हणाली होतीस, "मल्ल्या, फोनवर तू हां हां करत सुटतोस. खरं काय ते बसून लिही. लिहिताना तुला खोटं बोलायचा कंटाळा येतो." म्हणून बसलोय.

तर आधी चांगलं. जळकोटच्या पोरी इथल्या फुटबॉलच्या फायनलला आल्या हे तुला कळलंच असणार. पण कसं कळलं असंल? "जिंकलो" एवढंच. आपली ज्ञानेश्वरी गोलमध्ये काय खेळली म्हणून सांगू! समोरच्या पोरीनं डाव्या कोपऱ्यात बॉल मारला, लोकांनी गोल म्हणून आरडाओरडा केला, आणि ही आडवी झाली. अंगणात तू खुर्चीवरून बॉल टाकायचीस आणि ओरडायचीस, "बॉलकडं बघू नको, तिच्या कमरंकडं बघ," तसंच तिनं बघितलं. मला दिसलं ते. बॉल हातात आल्यावर तिनं पहिल्यांदा कुठं बघितलं माहीत आहे? कडुलिंबाकडं. तू तिथं बसणार असं मीच तिला सांगितलं होतं. तू नव्हतीस. फायनलला नक्की येणार, असं मी तिला परत सांगितलं. सांगायला नको होतं.

फायनल पुढच्या रविवारी, सोळा तारखेला, दुपारी.

आता तुझ्यासाठी बांधायला घेतलेल्या ओट्याचं. ओटा पूर्ण झाला, अक्का. नाताळाच्या आसपासच झाला. तू सांगितलेलं सगळं केलं. गोलपोस्टाच्या उजव्या अंगाला कडुलिंबाखाली, सावली दुपारी बरोबर तिथं येते. कमरंएवढा उंच, म्हणजे पुढं माणसं उभी राहिली तरी त्यांच्या डोक्यावरनं दिसावं. चार खुर्च्या आरामात बसतील आणि प्रत्येकीशेजारी तिचं माणूस बसंल. पुढं चाक घसरू नये म्हणून काठाला उंचवटा. आणि उतार! हणमंतप्पा म्हणाला, "काय रे, इथनं हत्ती चढवायचाय का? एवढा लांब उतार कशाला? माझं सिमेंट संपंल."

म्हणलं, "आमच्या अक्काला चढायचंय."

"मग दोन गडी उचलत्याल की तिला."

"तिला उचललेलं चालत नाही."

तो थोडा वेळ तंबाखू मळत बसला. मग मी गेल्या वर्षीचं त्याला सांगितलं. तू खालीच बसलीस आणि सबंध सामना तुला नुसत्या पाठीच दिसल्या. मग मैदानाच्या मंडळाच्या पोरांनी कौतुकानं तुला खुर्चीसकट गॅलरीवर न्यायचं ठरवलं, एकाचा हात सुटला, आणि तू पायरीवर आडवी. पडल्याचं तुला काही वाटलं नाही. पण कुणीतरी माइकवर "आपल्या दिव्यांग भगिनीसाठी टाळ्या" म्हणालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जीपमध्ये तू म्हणालीस, "मला परत पोत्यासारखं उचलायचं न्हाई. स्वतःच्या हातानं चाक फिरवून जाता आलं तर जाईन, न्हाईतर ज्ञानेश्वरीला अंगणातच बघीन."

हणमंतप्पानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर पठ्ठ्यानं दोरी स्वतःच आणखी मागं नेऊन बांधलेली. मला म्हणाला, "तुझ्या अक्काला सांग, ह्या उतारावर चहाचा कप मांडीवर ठिवून जा म्हणावं. सांडला तर हणमंतप्पाचं नाव बदला."

मी करून बघितलं. सरकारी दवाखान्यातनं खुर्ची मागून आणली, बसलो, मांडीवर चहा ठेवला आणि हातानं चाकं फिरवत वर गेलो. सांडला नाही. वर जाऊन मैदान बघितलं. अक्का, दोन्ही गोल दिसतात. पलीकडचा कॉर्नरचा झेंडासुद्धा दिसतो. मी तिथंच बसून चहा प्यालो. माझ्या आयुष्यात मी कुठलंच काम शेवटाला नेलं नाही. हुबळीचं हॉटेल सोडलं, सोलापुरात गॅरेज सोडलं, गोव्याला तर काय करत होतो ते मलाच आठवत नाही. हे एक पुरं केलं.

फाटकाचंही झालं. जनावरं आत येऊ नयेत म्हणून तो वाकडातिकडा पाइप होता ना, ज्यातनं तुझी खुर्ची जाईना, तो काढून रुंद फाटक केलं. मुतारीला मोठं दार लावलं, आत धरायला दांडी बसवली. मंडळाचे अध्यक्ष शिवशंकर काका स्वतः उभे राहून करून घेत होते. माणूस वाईट नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचून तू त्यांना शिव्या देशील.

त्या रुंद फाटकातनं आता नारळवाल्याचा हातगाडा आत येतो. मुतारीतल्या दांडीवर गोलची जाळी वाळत पडलेली असते, आणि खाली मंडप्याच्या खुर्च्या रचल्यात. आणि ओटा रिकामा नसतो.

नारळवाला कशाला, असं तुझ्या मनात आलं असंल. सांगतो. पेन गळायला लागलंय, बोटं निळी झाली, थांब जरा.

हां.

अप्पा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदेकडं निघाले तेव्हा आम्ही बापलेक संगंच निघालो होतो, तुला आठवत असंल. मी लोहाऱ्याला ओट्याच्या कामावर, ते तिकडं. फाट्यावर त्यांनी कमरंची पिशवी सोडली, चिंधीत थोडा भंडारा बांधून माझ्या खिशात घातला. म्हणाले, "जाशील तिथं एक चिमूट टाकीत जा. जागा वळखीची व्हती." तुला माहीत आहे ते कसं बोलतात. पुढं एक शब्द नाही, वळून मेंढरांमागं गेले.

ओट्याचा भराव झाल्यावर, वरच्या काँक्रीटच्या आदल्या दिवशी उंचीची खूण म्हणून कोपऱ्यात काहीतरी पक्कं रोवायचं होतं. खुंटी हलायची. मी ओढ्यात गेलो, एक काळा गोल दगड मिळाला, चांगला वजनदार, वर सपाट. तो आणून कोपऱ्यात बसवला. त्याच्या माथ्याला दोरी टेकवून सगळी उंची काढली. रविवार होता. खिशातली चिंधी हाताला लागली. काम नीट व्हावं, जागा ओळखीची व्हावी, म्हणून एक चिमूट त्या दगडावर टाकली आणि अंगठ्यानं चोळली. बस. एवढंच केलं मी.

हणमंतप्पा हसला पण. "ए, देव बसवतो काय रे?"

मी म्हणलं, "लेव्हल बसवतोय."

काँक्रीट त्याच्या भोवतीनंच पडलं. नंतर काढू म्हणलं तर निघंना. हणमंतप्पा म्हणाला, राहू दे, कोपऱ्यात आहे, खुर्चीला आडवा येत नाही. खरंच येत नव्हता.

पुढं काय झालं ते मला नीट सांगतापण येत नाही, कारण कुणी काही केलंच नाही. मैदानाच्या भिंतीला लागून इरम्मा म्हणून म्हातारी राहते, शेंगा विकते, मनानं लई चांगली. तिनं पिवळा दगड बघितला आणि जाता जाता त्याच्यावर एक झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिची हरवलेली शेळी घरी आली. शेळ्या येतातच की घरी, अक्का! आपण धनगर, आपल्याला कुणी सांगायला पाहिजे का? पण तिनं नारळ फोडला. मग माकणीची टीम खेळायला उतरायच्या आधी दगडाला बॉल लावून गेली आणि जिंकली. झालं. तिथनं पुढं प्रत्येक टीम बॉल लावायला लागली. दोन्ही टीमा लावतात, एक हरतेच, पण हरलेला कुणाला सांगत बसत नाही. संक्रांतीला बायका सुगडं घेऊन आल्या. वर गर्दी झाली तशी कुणीतरी चपला खाली काढल्या, म्हणून सगळ्यांनी काढल्या. मग 'चपला खाली ठेवून या' अशी पाटी आली. मग कुत्री चाटतात म्हणून दगडाभोवती लोखंडी जाळी आली. आता उतारावरनं रांग लागते. उतार सोपा आहे ना, म्हाताऱ्या माणसांना बरं पडतं म्हणतात. मैदानातला देव म्हणतात त्याला.

मी गप्प बसलो असं समजू नकोस. मी इरम्माला म्हणलं, "आजी, ती खूण हाय. म्या वढ्यातनं आणलाय त्यो."

ती म्हणाली, "तुझ्या हातानं त्यानंच आणून घेतलंय लेकरा. न्हायतर वढ्यात काय दगडं कमी हायती? ह्योच का उचललास?"

हाच का उचलला ते मला खरंच माहीत नाही.

वर ती माझ्याच पाया पडायला वाकली. मी पळालो. तेव्हापासनं मला कुणी जेवणाचं विचारत नाही, सरळ ताट आणून ठेवतात. वर फोडलेल्या नारळांचा प्रसाद; खोबऱ्याचं म्हणलं ते हे. खोटं कशाला सांगू, येडशीहून आल्यावर खिसा मोकळा होता तेव्हा मी खोबऱ्यावरच दिवस काढले.

मागच्या आठवड्यात परत दवाखान्यातनं खुर्ची आणली. म्हणलं बोलून भागत नाही, करून दाखवू. रिकामी खुर्ची ढकलत उताराच्या तोंडाशी गेलो. रांगेतल्या एकानं चाक धरलं. भांडायला नव्हे, अगदी समजुतीनं.

"आवो, चपला काढून जायाचं असतंय वर."

"काढल्यात की."

"तुमी काढल्या. ह्या चाकांचं काय? रस्त्यावरची सगळी घाण घिऊन आल्यात ती. चाकं म्हंजी काय, चपलाच की."

"अहो, हा ओटा चाकांसाठीच बांधलाय."

"बांधला आसंल. पर आता देव हाय ना तितं."

मागनं इरम्मा आली. तिला वाटलं मी तुला घेऊन आलोय. खुर्ची रिकामी बघून म्हणाली, "तुझी बहीण येणार हाय ना? येऊ दे. चाकं खाली ठिवायची आन् आमी समदी मिळून उचलून न्हेतो तिला. वाजवीत न्हेतो. पुण्य लागंल सगळ्यास्नी. तू घोर करू नगंस."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, अक्का. तिला शिवी पण देता येईना.

आणि उचलून नेलं तर काय होतं, तेही बघितलंय. इथं शिवलिंग म्हणून आहे, हातानं फिरवायच्या तीनचाकीवर बॅटऱ्या आणि रिमोट विकतो, पाय लहानपणापासनं गेलेले. तोंडानं लई फाटका. तो म्हणाला, "उचलू दे की, फुकटची पालखी हाय." सेमीफायनलला त्याला तीनचाकीवरनं उचलून वर नेऊन बसवलं. पण वर दर्शनाला आलेली माणसं त्याच्या पुढंच उभी. मैदानाकडं पाठ, दगडाकडं तोंड. कुणी त्याच्यासमोर केळं ठेवलं. त्याला खाली यायचं होतं, पण आरती सुरू झाली, आरतीत कोण उचलणार? सामना संपून टीमा चहा प्यायला गेल्या तेव्हा त्याला खाली आणलं. मी विचारलं, काय दिसलं? तर म्हणतो, "दिसलं की. लोकांचं ढुंगण. पन ह्या खेपंला वरनं दिसलं."

हसलो दोघं. मग तो तीनचाकी फिरवत गेला आणि परत सामन्याला आला नाही.

शिवशंकर काकांकडं गेलो. ते पाटावर बसून जेवत होते. मला पण बसवलं. म्हणाले, "मल्हार, मला सगळं पटतं. ओटा मीच मंजूर केला, माझ्यापुढंच झाला. पण त्या दगडाला मी हात लावला आणि उद्या गावात कुणाच्या पायाला ठेच लागली, तरी ती माझ्या नावावर लागंल. मला या गावात राहायचंय."

मी म्हणलं, "मग अक्कानं काय करायचं?"

त्यांनी भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, "एक रस्ता आहे. जाणता माणूस आण. देवाला विचारू दे, कौल घेऊ दे. देवानं होकार दिला तर आम्ही सगळे वाजतगाजत त्याला भिंतीपलीकडं नेऊन बसवतो. लोक त्याला काही म्हणणार नाहीत. पण माणूस तसा पाहिजे. ज्याच्या हाताला लोक मानतात असा."

असा माणूस कोण आहे ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. हायवे रुंद करताना आपल्या माळावरचं बिरोबाचं थान कुणी हलवलं? इंजिनियर, ठेकेदार सगळे हात बांधून उभे होते आणि अप्पांनी एकट्यानं घोंगडी अंथरली, देवाशी शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलले, आणि मग दगड उचलून कडंवर लेकरू घ्यावं तसा घेतला. या सगळ्या भागात अप्पांचं, बिराप्पा धनगराचं, नाव घेतलं की पुढं कुणी विचारत नाही. अप्पा म्हणाले "हल," तर तो देव हलला.

म्हणजे तोड आहे. मग अप्पांना निरोप का नाही पाठवला, असं तू ओरडशील. दोनदा निघालो. मेंढक्यांचं एक बिऱ्हाड तिकडं चाललं होतं, त्यांच्याकडं सांगावा द्यायचा. त्यांच्यापाशी जाऊन बसलो, मेंढरांचं बोललो, लांडग्याचं बोललो, आणि उठून आलो. काय सांगणार होतो? तुम्ही दिलेल्या चिमटीभर भंडाऱ्यानं मी अक्काची जागा घालवली, हे सांगू? आणि खरं सांगायचं तर मला दुसरीच भीती होती. अप्पा आले आणि कौल लावला, आणि त्यांना मनापासनं वाटलं की देव नाही म्हणतोय, तर? ते खोटा कौल सांगणार नाहीत. तुझ्यासाठीसुद्धा नाही.

आणि तुझंही आठवलं. हायवेवर गाडी कळपात घुसली, तू मागं होतीस, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. आईनं उपास धरले, मावशीनं कुठनं कुठनं अंगारे आणले, मी पण तुळजापूरला जाऊन काय काय बोलून आलो. एकट्या अप्पांनी कुठल्याच देवाकडं तुझ्यासाठी काही मागितलं नाही. तू एकदा विचारलंस तेव्हा म्हणाले, "चालायचं असतं तेवढं चालून झालंय तुझं. आता बसून काय करायचं ते बघ." आई रडली. आणि तू हसलीस. मला मागनं म्हणालीस, "या घरात मला कुणी अर्धी समजत न्हाई ते एकटे अप्पाच." त्यानंतरच तू ज्ञानेश्वरीला अंगणात उभी केलीस.

तर आता कामाचं लिहितो, ज्यासाठी बसलो होतो. सोळा तारखेला येऊ नकोस. बलभीमची जीप सांगून ठेवली होती, ती मी त्याला नको म्हणून सांगतो. आलीस तर उताराच्या खाली अडवतील, गोड बोलून उचलतील, आणि तू काय करशील ते मला बघायचं नाही. ज्ञानेश्वरीला मी काहीतरी सांगीन. तिनं कडुलिंबाकडं बघू नये एवढं बघतो. ओटा चांगला झाला होता, अक्का. खरंच चांगला झाला होता. चहा सांडला नव्हता.

एवढं लिहून थांबणार होतो.

थांब. कुणीतरी येतंय. मी कडुलिंबाच्या मागल्या अंगाला बसलोय, खालून दिसत नाही. आज रविवार, पण इतक्या सकाळी अजून कुणी येत नाही. खांद्यावर घोंगडी आहे.

अक्का, अप्पा आलेत.

गोदेकाठनं इथं. मेंढरं कुणाच्या हवाली केली कोण जाणे. मेंढक्यांत बातमी फिरते, त्यांच्यापर्यंत गेली असणार. म्हणलं कुणीतरी कळवलं! आता घोंगडी अंथरतील, बोलतील, हलवतील. मी उठलोच होतो हाक मारायला.

त्यांनी उताराखाली वहाणा काढल्या. पाटीकडं बघितलं, वाचता येत नाही तरी बघितलं. वाटंनं टेकत आलेली काठी पण खालीच ठेवली. उतार चढून वर आले, कुठंही न थांबता. हणमंतप्पानं उतार किती सोपा केलाय बघ. घोंगडी अंथरली नाही. बगलेतनं नारळ काढला. जाळीला डोकं लावलं, आणि बोलायला लागले. मी सगळं ऐकलं. ऐकायचं नव्हतं.

"तुझी माझी वळख न्हाय. तू नवा हाईस, तुझ्याकडं मागणारी अजून थोडी हायती, म्हणून आलो. जुन्यांच्या फुडं मागायला माझं त्वांड व्हत न्हाय. जळकोटात माझी लेक हाय, अयोध्या. तिचं पाय. आजवर म्या कुणाम्होरं बोललो न्हाय. तिला वाटंल बापानं हात टेकलं. आता म्हातारा झालो, मागं तिला कोण? एकदा हुबी कर. मेंढरामागं जायाला नगं, निस्ती दारापत्तर आली तरी बास. ह्ये तिला कळू दिऊ नगंस."

ते अजून तिथंच आहेत. डोकं जाळीला आहे, टोपी हातात. दगडावर माझ्या अंगठ्याचा पिवळा डाग होता, तो आता हळदीखाली कुठं दिसतही नाही. मी त्यांच्यापासनं हाकेच्या अंतरावर आहे आणि मला हाक मारता येईना.

जळकोटला निघालेला बलभीम फाटकापाशी हॉर्न वाजवतोय. हा कागद आत्ताच घडी घालून त्याच्याकडं देतो, नाहीतर परत माझ्याच्यानं दिला जाणार नाही. अप्पा वळतील, मला बघतील, आणि विचारतील, हा देव कुणी बसवला रं?

सोळाला येऊ नकोस, एवढंच वाच. बाकीचं वाचलं नाहीस असं समज. आणि अप्पा घरी आले तर त्यांच्याशी रोजच्यासारखीच बोल, अक्का, तुला तुझ्या चाकांची आण आहे.

तुझा,
एक काम पुरं केलेला
मल्ल्या